द्राक्षाच्या प्लॉटला नंबर आहे, बाटलीतल्या विजयेला गाव नाही

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. कृषिमंत्री आणि विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य

विषय : औषधी व औद्योगिक भांगेची लागवड, तिच्यात लहान शेतकऱ्याची जागा आणि ग्राहकाचा जाणून घेण्याचा हक्क

सविनय नमस्कार,

विषय वाचून पहिली शंका जी येईल, तिचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. मी माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली त्याला सव्वीस वर्षं झाली. दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. माण तालुक्यात चार एकर रान आहे. त्यातलं एक-दीड एकर विहिरीला पाणी असेल तोवर बागायत, पाणी आटलं की सगळंच जिराईत. बाजरी, ज्वारी, कांदा. पाऊण एकर डाळिंब होतं, ते तेल्या रोगानं गेलं. भांग आणि गांजा एकाच झाडाचे, आणि त्या झाडाशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी गावाबाहेरच्या मठीत चिलीम ओढणारी माणसं पाहिली आणि त्यातला एक, आमच्या वडिलांचा जिवलग, शेवटी डोक्यानं कामातून गेलेला पाहिला. तेव्हा हे झाड निरुपद्रवी आहे असं मला कुणी सांगू नये, आणि मीही तुम्हाला सांगणार नाही.

पत्र लिहितोय ते बायकोमुळे.

दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. तिसऱ्या केमोनंतर तिच्या पोटात पाणी ठरेना. भाकरीचा वास आला तरी उमासे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण झोप नाही ती नाहीच. मेव्हण्यानं एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी विजयेचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगच, आयुर्वेदातलं नाव. थेंब मोजून घ्या आणि केमोच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. आम्ही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घ्या, पण काय होतं ते वहीत लिहीत जा.

पहिली बाटली महिनाभर गेली. आठवड्याभरात ती अर्धी भाकरी खाऊ लागली, रात्री चार-पाच तास डोळा लागू लागला. वहीत तसंच लिहिलंय. मग दुसरी बाटली मागवली. तेच नाव, तोच रंग, तेवढेच थेंब. संध्याकाळी आठला झोपलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि मला विचारू लागली, म्हशीची धार काढली का. म्हैस आम्ही दुष्काळात विकून टाकलेली. ती घाबरली, मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलो.

वैद्यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. म्हणाले, "पाला कुठल्या डोंगरातला आहे त्यावर असतं हो हे." बाटलीवर औषधाचं नाव, मिलिलिटर, तयार केल्याची तारीख आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' एवढंच. नशा आणणारा घटक, ज्याला टीएचसी म्हणतात, तो किती? सीबीडी म्हणून नशा न आणणारा दुसरा घटक असतो, तो किती? काही नाही. बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची पोरगी अदबीनं बोलली, म्हणाली माल उत्तर भारतातून येतो. उत्तर भारत केवढा मोठा आहे, साहेब!

बायको आता बरी आहे. ती केमोनं आणि ऑपरेशननं बरी झाली, तेलानं नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण भांगेनं कॅन्सर पळतो असं सांगून बाटल्या खपवणारेही आम्हाला भेटले, आणि त्यांच्या बाजूनं माझं पत्र कुणी फिरवू नये. मळमळीवर या झाडातल्या घटकाचा उपयोग होतो, हे मात्र जुनं आहे. टीएचसीचीच बनवलेली गोळी अमेरिकेनं केमोच्या उलट्यांसाठी मंजूर केली ती १९८५ साली. त्याच १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं ग्राहक म्हणून. आमच्या गावात सकाळी सहाला दूध संकलन केंद्र उघडतं. किटलीतलं चमचाभर दूध मशीनमध्ये जातं, मिनिटात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापून हातात चिठ्ठी येते. पॉइंटभर फॅट कमी लागली तर भाव कापला जातो आणि मी मुकाट्यानं घरी येतो. द्राक्षाचं पाहा. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक प्लॉटची कृषी खात्याकडे नोंद असते, 'ग्रेपनेट'वर त्याचा नंबर असतो, प्लॉटमधून नमुना काढून औषधांचे अंश तपासल्याशिवाय पेटी हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपले कंटेनर युरोपात अडकले. तेव्हा किती बागायतदार बुडाले ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून आपण शिकलो. म्हणजे परदेशातल्या माणसानं खायचा घड कुठल्या गावच्या, कुठल्या गटातला आहे हे या राज्याला सांगता येतं, आणि इथल्या केमो घेतलेल्या बाईच्या जिभेखाली जाणारा थेंब कुठल्या राज्यातला, तेही सांगता येत नाही.

हे झाड तपासायला हवं त्याला आणखी एक कारण आहे. भांग जमिनीतले जड धातू ओढून घेते. शिसं, कॅडमियम मातीत असेल तर ते पानात-फुलात उतरतं. याच गुणामुळे खराब झालेली जमीन साफ करायला ती लावून पाहिली गेली. आणि फूल काही कोणी धुऊन घेत नाही. त्यावर जे फवारलं ते तसंच राहतं, अर्क काढला की उलट दाट होतं. कारखान्याच्या नाल्याकाठचा पाला आणि डोंगरातला पाला बाटलीत सारखाच हिरवा दिसतो.

दुसरं गाऱ्हाणं कायद्याच्या विचित्रपणाचं. ते मला वकिलाकडून दोनदा समजावून घ्यावं लागलं. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे, फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायचं नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून भांगेच्या पानाचं औषध वैद्य देऊ शकतो. बियांना तर एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२१ साली अन्न म्हणून मान्यता दिली, टीएचसीची मर्यादाही ठरवून दिली. पुण्यातल्या दुकानांत त्यांची पाकिटं मिळतात. पण ते पान आणि ते बी ज्या झाडाला येतं, ते झाड मी परवान्याशिवाय बांधावर लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. विकत घेतलं तर ग्राहक, पिकवलं तर गुन्हेगार. बरं, कायद्यानं दार पूर्ण बंद केलंय असंही नाही. त्याच कायद्याचं कलम १० राज्याला परवाने देण्याचे, नियम करण्याचे अधिकार देतं, आणि कलम १४ म्हणतं की धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागायती कारणासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. दाराला कडी आतून आहे, आणि आत तुम्ही आहात.

तिसरं गाऱ्हाणं हेलपाट्यांचं. परवान्याची चौकशी करायला मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. अर्जाचा नमुनाच नाही म्हणून अर्ज घेता येत नाही, आणि अर्जच आलेले नाहीत म्हणून नमुना केलेला नाही. एका साहेबांनी 'हेम्प' हा भांगेचा इंग्रजी शब्द वाचून मोठ्या आपुलकीनं सांगितलं, "अहो, अंबाडीला कशाला परवाना? लावा की!" त्यांचंही चुकलं नाही. इंग्रजीत अंबाडीला डेक्कन हेम्प म्हणतात आणि तागाला सन हेम्प. आमच्या घरी अंबाडीची भाजी होते, वाखाचे दोर आजोबा वळायचे. मी खुलासा केला तसा साहेबांचा चेहरा बदलला आणि त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं.

२०२१ साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव नाही, म्हणून. पेपरात आलं, लोक हसले, प्रसिद्धीसाठी केलं म्हणून विषय मिटला. मला त्याची मागणी जशीच्या तशी मान्य नाही. पण त्या पत्रात हसण्यासारखं काय होतं? उसाच्या फडात, तुरीच्या ओळीत चोरून लावलेली झाडं पोलीस उपटतात, फोटो येतो, मागे कुणीतरी उभा असतो मान खाली घालून. तो बहुतेक वेळा दीड-दोन एकरवाला असतो. बी देणारा आणि माल उचलणारा त्या फोटोत कधी पाहिलाय?

आता इतरांचं. नवीन काही मागतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, इंग्रजांनी १८९३-९४ साली हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, अकराशेच्या वर साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. अलीकडे उत्तराखंडनं २०१८ साली औद्योगिक, म्हणजे धागा-बियांच्या, भांगेचा परवाना दिला. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे अशी अट. अडचण अशी झाली की डोंगरातलं देशी वाण ही मर्यादा सहज ओलांडतं आणि कमी टीएचसीचं खात्रीचं बी शेतकऱ्याला मिळेना. म्हणजे बियाण्याआधी परवाना आला. हिमाचलनं जरा सावकाश घेतलंय. समिती फिरली, विधानसभेनं २०२४ मध्ये अहवाल स्वीकारला, आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांकडे प्रायोगिक लागवडीचा अभ्यास दिला. आपल्याकडे राहुरी आहे, परभणी आहे, अकोला आहे, दापोली आहे. चार कृषी विद्यापीठं असलेल्या राज्यानं विचारसुद्धा करू नये?

पण खरं सांगू? तुम्ही काहीच करणार नाही याची मला जेवढी भीती आहे, त्याहून जास्त भीती एक दिवस घाईघाईत भलतंच कराल याची आहे. कॅलिफोर्नियाची गोष्ट माझ्या पुतण्यानं सांगितली, तो तिकडे नोकरीला आहे. तिथं २०१६ साली गांजा कायदेशीर करणारा कायदा मतदानानं झाला. लहान शेतकऱ्यांची मतं मिळावीत म्हणून त्यात लिहिलं होतं की मोठ्या लागवडीचे परवाने पहिली पाच वर्षं देणार नाही. हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगरी भागांतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या लपूनछपून हेच पिकवत आलेली. त्यांना वाटलं, आता उजेडात येऊ. लहान परवाना दहा हजार चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या हिशोबानं नऊ गुंठे. आणि मग नियम लिहिताना सरकारनं, एका कंपनीला असे लहान परवाने किती घेता येतील, यावर मर्यादाच ठेवली नाही! नऊ-नऊ गुंठ्यांचे तुकडे जोडून कंपन्यांनी एकरच्या एकर केले. पुढे माल अतोनात झाला, २०२१-२२ मध्ये भाव कोसळले, आणि कायद्यावर विश्वास ठेवून उजेडात आलेली कुटुंबंच आधी बुडाली. वाईट हेतूनं नव्हे, एक ओळ गाळल्यानं.

ग्राहकाचंही त्यात भलं झालं असं नाही. बंद गोदामात दिव्यांखाली वाढवलेल्या मालासाठी किती वीज जळते याचा अभ्यास अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झाला. किलोभर सुक्या फुलामागे ठिकाणानुसार सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा. किलोभर फुलाला! आमच्याकडे दुसरं काही नसेल, ऊन आहे. माणदेशात पाऊस कमी म्हणून आम्ही नशिबाला बोल लावतो, पण फुलावर बुरशी यायला जी दमट हवा लागते तीही इथं कमीच.

उलट उदाहरण मोरोक्कोचं. तिथल्या रीफ डोंगरात भांगेवरच जगणारी हजारो घरं. त्यांनी २०२१ साली कायदा केला, फक्त औषधी आणि औद्योगिक कामासाठी, आणि फक्त तीन डोंगरी प्रांतांत. शेतकऱ्यानं सहकारी संस्थेतून यायचं, संस्थेनं परवानाधारक कारखान्याला विकायचं, वर एक स्वतंत्र सरकारी यंत्रणा. २०२३ साली पहिलं कायदेशीर पीक निघालं, २९४ टन. पुढच्या वर्षी त्यांचं पाणी कमी खाणारं देशी वाणही परवानगीत आलं, आणि राजानं या लागवडीच्या गुन्ह्यांत अडकलेल्या ४,८०० हून अधिक शेतकऱ्यांना माफी दिली. तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण सहकार हा शब्द आपण त्यांच्याकडून ऐकावा ही थोडी लाजेची बाब आहे, नाही का?

लहान शेतकरी म्हणजे आपोआप शुद्ध माल, असंही मी म्हणणार नाही. आम्ही काय काय फवारतो ते मला विचारा. पण या पिकाला माणसाचा डोळा लागतो. नराची झाडं वेळेत ओळखून उपटावी लागतात, नाहीतर मादीच्या फुलात बी धरतं आणि औषधाच्या दृष्टीनं माल उतरतो. परागकण वाऱ्यानं लांबवर जातात, म्हणून बियांचा प्लॉट आणि फुलांचा प्लॉट शेजारी चालत नाहीत; गावानं मिळूनच ठरवावं लागतं. दहा-वीस गुंठ्यांत घरची दोन माणसं हे बघू शकतात. आणि तपासणीत काही निघालं तर त्या दहा गुंठ्यांपर्यंत माग काढता येतो. माझ्या बायकोच्या वहीला उत्तर द्यायचं तर असाच माल पाहिजे.

म्हणून मागण्या. नशेची दुकानं मागत नाही. कुणाला सोडा असंही म्हणत नाही. शाळेतल्या पोरांच्या हाती हे पडू नये, एवढी कडक व्यवस्था करा, माझा पाठिंबा.

राज्यातल्या किमान दोन कृषी विद्यापीठांत, त्यातलं एक राहुरी, कोरडवाहू भागासाठी कमी टीएचसीच्या वाणांच्या चाचण्या सुरू करा. कलम १४ खाली हे आजही शक्य आहे. प्रमाणित बी हातात येण्याआधी एकाही शेतकऱ्याला परवाना देऊ नका, उत्तराखंडसारखी गत करू नका.

परवाना गटाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला द्या, माणशी वीस गुंठ्यांच्या आत. एका मालकाच्या, त्याच्या नातलगांच्या, त्याच्या बेनामी माणसांच्या नावावर किती परवाने असू शकतात ते नियमात आकड्यानं लिहा. ही ओळ गाळू नका.

उन्हामुळे, ताणामुळे कधी चांगल्या बियाण्याच्या पिकातही टीएचसी ०.३ च्या वर जातं. काढणीआधी नमुना घ्या, वर गेलं तर पीक पंचनामा करून नष्ट करा. पण त्या शेतकऱ्यावर गुन्हा नको, आणि उत्पादन खर्च विम्यातून मिळावा.

प्रत्येक प्लॉटला ग्रेपनेटसारखा नंबर, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या विजयेच्या प्रत्येक बाटलीवर बॅच, टीएचसी, सीबीडी, जड धातू आणि कीडनाशक तपासणीचा निकाल व मालाचं मूळ. लागवडीचा निर्णय व्हायला वर्षं लागतील हे मला कळतं. पण लेबलाचं काम लागवडीसाठी थांबवायचं कारण नाही. माल बाहेरून येतोय, तो आज येतोय, आणि आजारी माणसं तो घेतायत.

शेवटची मागणी अनुभवातली. इमू, सफेद मुसळी, जट्रोफा. आमच्या भागानं सगळं भोगलंय. बी महाग विकायचं, 'माल आम्ही उचलू' म्हणायचं आणि काढणीला फोन बंद. भांगेचं धोरण नुसतं जाहीर झालं तरी दुसऱ्या दिवशी एकरी पाच लाखांचे बोर्ड लागतील. खरेदीचा करार शासनाकडे नोंदवल्याशिवाय आणि अनामत ठेवल्याशिवाय कुणालाही बी विकू देऊ नका.

हे पत्र टपालानेही पाठवतो आहे, पोच मिळेल अशी अपेक्षा आहे.

आणि एक काम आहे. ती दुसरी बाटली आम्ही फेकली नाही. फडताळात, उंचावर, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे. पाऊण भरलेली आहे. सोबत बायकोची वही आहे, तारीखवार. वैयक्तिक माणसाकडून असा नमुना घेऊन त्यात काय आहे ते लिहून देणारी सरकारी प्रयोगशाळा मी शोधतोय. कुठं आणून द्यायची तेवढं कळवा. फी भरायला मी तयार आहे.

आपला,
माण तालुक्यातला एक जिराईत शेतकरी